शब्द टाकणारा माणूस

1954 साली ‘फॉर्च्युन’ या अमेरिकी मासिकात विल्यम व्हाइट यांचा एक लेख आला होता. विषय होता फिलाडेल्फियातल्या एका वस्तीतले एअर कंडिशनर. हे यंत्र तेव्हा नवं आणि महाग होतं. ते खिडकीतून बाहेर आलेलं असे, त्यामुळे कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही हे रस्त्यावरूनच दिसायचं. वस्तीतली घरं एकाला एक लागून, एकसारखी. राहणाऱ्यांची परिस्थितीही साधारण सारखी, आणि उन्हाळा तर सगळ्यांना एकच. तरीही एका रांगेत खिडकीखिडकीला यंत्र दिसे आणि लगतच्या रांगेत जेमतेम एखादं. पगाराच्या आकड्यांनी याचा उलगडा होईना. तो झाला शेजाऱ्यांच्या गप्पांमुळे. ज्या घरांचं आपसात बोलणं होतं, त्यांच्यामधून यंत्र पसरत गेलं होतं.

मुक्त व्यावसायिकाचं कामही असंच पसरतं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुवादकाला, ग्राफिक डिझायनरला, व्हिडिओ संपादकाला किंवा अकाउंट्स लिहिणाऱ्याला विचारा, काम येतं कुठून? दहा-पंधरा वर्षं टिकलेला माणूस बहुधा म्हणेल, “ओळखीतून. माऊथ पब्लिसिटी.” पुढे विचारलं, की ही पब्लिसिटी होते कशी, तर तो खांदे उडवतो. चांगलं काम करत राहायचं, बाकी आपोआप होतं. हे उत्तर अर्धंच खरं आहे. उत्तम काम करूनही ज्यांचा फोन वाजत नाही, अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या माहितीत असतात. चांगलं काम आणि पुढचं काम यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. तो बोलतो केव्हा आणि गप्प बसतो केव्हा, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे.

न दिसणारा माल

अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये वस्तूंचे दोन प्रकार केले. काहींचा दर्जा विकत घेण्याआधीच पारखता येतो, काहींचा वापरल्यावर कळतो. 1973 मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली : वापरून झाल्यावरही ज्यांचा दर्जा ग्राहकाला नीट कळत नाही अशा सेवा. मोटार दुरुस्तीत खरंच तो भाग बदलणं गरजेचं होतं का, हे गाडीच्या मालकाला कधीच कळत नाही.

मुक्त व्यावसायिकांची बरीच कामं या तिसऱ्या प्रकारात मोडतात. समजा, कोइमतूरच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी माहितीपुस्तिका मराठीत हवी आहे. ती मंजूर करणाऱ्या मॅनेजर मॅडमना मराठी वाचता येत नाही. पुस्तिका छापून आली, सुबक दिसली, तरी आतली भाषा शेतकऱ्याला समजेल अशी आहे की कोशातून उचललेली, हे त्यांना ठरवता येत नाही. कोटेशनं पाच आली असतील, तर त्यांना वाचता येणारी एकच गोष्ट असते : शब्दामागचा दर.

अशा बाजारात काय होतं, ते जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्येच जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं. चांगली गाडी आणि खटारा यांतला फरक गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो मधली किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग उरलेल्या मालाचा दर्जा घसरतो, किंमत आणखी उतरते. या विचारासाठी अकरलॉफ यांना 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ऑनलाइन कामाच्या बाजारात दर पाडून बसलेल्या शेकडो प्रोफाइलांच्या गर्दीत ज्यांनी एकदा तरी बोली लावली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या कोंडीतून सुटायची सगळ्यात जुनी वाट म्हणजे ज्याने माल वापरला आहे, अशा विश्वासातल्या माणसाला विचारणं. ती वाट पैशांतही मोजली गेली आहे. एका जर्मन बँकेच्या सुमारे दहा हजार ग्राहकांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या ग्राहकाच्या सांगण्यावरून आलेले ग्राहक इतरांपेक्षा जास्त टिकले, आणि बँकेला त्यांचं मूल्य सरासरी 16 टक्क्यांनी अधिक निघालं. पुढच्या एका अभ्यासात याहून बारीक गोष्ट दिसली. शिफारशीने आलेला ग्राहक जास्त टिकतो खरा, पण त्याला आणणारा ग्राहक टिकून असेल तोवरच. ज्याच्या शब्दावर माणूस आला तोच निघून गेला, की ती जादा निष्ठा ओसरते.

सहीमागची भीती

पतसंस्थेत कर्ज काढायचं तर जामीनदार लागतो. सही करताना तो हसतखेळत चहा पीत असला, तरी मनात त्याला पक्कं ठाऊक असतं : हप्ते थकले तर नोटीस आपल्यालाही येणार. आणि कर्ज वेळेत फिटलं, तर त्याला मिळणार काय? काहीही नाही.

तुमचं नाव सुचवणारा क्लायंट नेमका याच जागी असतो. काम उत्तम झालं, तर श्रेय तुमचं. ते रखडलं, तर “तुम्हीच सांगितलं होतं ना यांचं नाव?” हा प्रश्न त्याला. फायदा थोडा, धोका भरपूर. त्यामुळे शिफारस म्हणजे तुमच्या गुणांची तारीफ, असं मानून चाललं की गणित चुकतं. शिफारस करणारा स्वतःची पत तुमच्या नावावर लावत असतो. तुमच्या कामावर तो खूश आहे का, याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असतो : तुमच्यामुळे आपल्याला खाली बघावं लागणार नाही, याची त्याला किती खात्री आहे?

समाधानी क्लायंट गप्प का बसतात, याची कारणं इथे सापडतात. पहिलं कारण हीच भीती. तुम्ही काम अप्रतिम दिलं, पण मधले आठ दिवस फोन उचलला नाही. तो स्वतः ते पोटात घालेल, कारण त्याला तुमचा स्वभाव माहीत आहे. मात्र ज्या व्याह्यांच्या कंपनीत तुमचं नाव सुचवायचं, तिथे असं झालं तर? दुसरं कारण, तुम्ही नेमकं काय करता हे त्याला दुसऱ्याला सांगता येत नाही. “तो कम्प्युटरवर काहीतरी डिझाइनचं करतो, हुशार आहे” एवढ्या वर्णनावर कोणी काम देत नाही. तिसरं कारण कोणी उघड बोलत नाही. तुमच्याकडे गर्दी झाली, की आपल्या कामाला वेळ मिळणार नाही आणि दरही वाढतील, असा हिशेब काही क्लायंट मनातल्या मनात करतात.

या तिन्हींवर उपाय आहेत, आणि त्यांतला एकही कौशल्य वाढवण्याचा नाही. पहिल्यावर उपाय नियमित कळवण्याचा : सोमवारी काय झालं आणि शुक्रवारी काय मिळेल, याच्या दोन ओळी. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याआधी फोन. दुसऱ्यावर उपाय आपल्या कामाचं एक वाक्य तयार ठेवण्याचा, ज्याच्याबद्दल पुढे बोलू. तिसऱ्यावर उपाय जुन्या क्लायंटला स्पष्ट सांगण्याचा, की नवं काम आलं तरी तुमच्या वेळा आणि चालू कामाचा ठरलेला दर तोच राहील, आणि मग तसं वागण्याचा.

सख्ख्यांपेक्षा लांबचे

शिफारस म्हटली की माणूस आधी जवळच्यांकडे पाहतो. भाऊ, मित्र, शेजारी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? ‘नेहमी’ म्हणणारे निघाले 16.7 टक्के. ‘अधूनमधून’ म्हणणारे 55.6 टक्के, आणि ‘क्वचित’ म्हणणारे 27.8 टक्के. नमुना छोटा होता, पण 1973 मध्ये आलेला हा निबंध समाजशास्त्रात गाजला. कारण सोपं आहे. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो.

2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर पाच वर्षं केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले आणि या विचाराला नवी पुस्ती जोडली गेली. सर्वांत उपयोगी ठरली ती मध्यम पातळ ओळख : अगदी अनोळखी नाही, रोजच्या उठबशीतलीही नाही. नोकरी मिळवून देण्यात सगळ्यात कमी पडली ती सर्वांत घट्ट नाती.

हे अभ्यास नोकरीचे आहेत, पण मुक्त व्यावसायिकाला त्यातून आपली यादी करता येते. आणि ती यादी बहुतेकांनी कधी केलेलीच नसते. दोन वर्षांपूर्वी एकच काम देऊन गेलेला क्लायंट तिच्यात येतो. आधीच्या कंपनीत तुमच्याशी मेलवर बोलणारी आणि आता दुसऱ्या कंपनीत गेलेली कोऑर्डिनेटर येते. तिचं महत्त्व विशेष, कारण नव्या जागी कोणावर भरवसा ठेवायचा हे तिचं तिलाच अजून ठरवायचं असतं, आणि तुम्ही तिला आधीपासून माहीत आहात. मग येतात शेजारच्या धंद्यातले लोक. अनुवादकाला डीटीपी करणारा आणि छापखानेवाला, लग्नाच्या फोटोग्राफरला डेकोरेटर, मेकअप आर्टिस्ट आणि कार्यालयाचा मॅनेजर, वेबसाइट बनवणाऱ्याला मजकूर लिहिणारी. गिऱ्हाईक एकच आणि आपसात स्पर्धा नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकाच्या धंद्यातली कितीतरी माणसं अशी एकमेकांच्या हाकेवर आहेत. लेखक छपाईचा दर विचारायला येतो आणि जाताना मुद्रितशोधकाचा नंबर घेऊन जातो.

ही यादी केली की तिला महिन्यातून एकदा हात लावायचा. दोघा-तिघांना फोन किंवा मेसेज, तोही काम मागायला नको. त्यांच्या उपयोगाची बातमी, त्यांच्या कंपनीच्या नव्या उत्पादनाबद्दल दोन शब्द, एखादा अर्ज भरायची शेवटची तारीख. वर्षभर गायब राहून एकदम “काही काम असेल तर सांगा” म्हणून उगवणाऱ्याचा मेसेज कसा वाचला जातो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

शेवटचे दोन दिवस

डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानमन यांनी 1996 मध्ये दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणी चालू असताना रुग्ण दर मिनिटाला दुखण्याची पातळी सांगत होते. नंतर त्यांना एकूण त्रास विचारला. आठवणीतला त्रास दोनच गोष्टींवर ठरत होता : सर्वांत जास्त दुखलं तो क्षण, आणि शेवटची काही मिनिटं. तपासणी एकूण किती वेळ चालली, याचा आठवणीशी जवळपास संबंध नव्हता.

कामाची आठवणही याच नियमाने बनते असं धरून चाललं, तर मुक्त व्यावसायिकांचे शेवटचे दिवस चिंता वाटावी असेच असतात. सुरुवात उत्साहात होते, मधली मेहनत मनापासून होते, आणि शेवटी येतात करेक्शन. तिसऱ्या फेरीला स्वर चढतो. फायनल फाइल ‘फायनल_नवी_2’ अशा नावाने जाते. बिल पंधरा दिवस उशिरा जातं, त्यात पॅन नंबर राहतो, अकाउंट्सवाले ते परत पाठवतात. क्लायंटच्या मनात काम मिटतं ते या कटकटीवर. मुखपृष्ठ कितीही देखणं झालेलं असो.

म्हणून शेवट आधीपासून आखायचा. करेक्शनच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, हे सुरुवातीच्या मेलमध्येच लिहायचं, म्हणजे तिसऱ्या फेरीला आवाज चढवायची वेळ येत नाही. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये, नावं समजतील अशी, सोबत अर्ध्या पानाची टीप : कुठली फाइल छपाईची, कुठली व्हॉट्सअॅपवर पाठवायची, फॉन्ट कोणता. बिल त्याच दिवशी, पॅन आणि बँकेच्या तपशिलासह. आणि दहा-बारा दिवसांनी एक फोन : पुस्तिका छापून आली का, काही अडलं का? त्या फोनवर क्लायंट आपण होऊन “छान झालं हो, आमच्या साहेबांनाही आवडलं” म्हणाला, तर शब्द टाकायला सांगण्याची वेळ तीच.

मागायचं कसं

मागायला मराठी माणसाला जड जातं. ‘वशिला’ या शब्दाला चिकटलेली सगळी लाज आठवते. पण वशिला लायकी बाजूला सारतो, आणि शिफारस लायकीची साक्ष देते. साक्ष द्यायला सांगण्यात कमीपणा कसला? अडचण मागण्यात नसते, ती मोघम मागण्यात असते. “कोणी असेल तर नाव सुचवा” या वाक्यावर समोरचा प्रेमाने “हो हो, नक्की” म्हणतो आणि विसरतो. ‘कोणी’ या शब्दाने त्याच्या डोळ्यांसमोर एकही चेहरा येत नाही.

पंपाच्या पुस्तिकेचं काम संपवलेला अनुवादक असं लिहू शकेल :

“नमस्कार मॅडम. पुस्तिका डीलरपर्यंत पोचली हे ऐकून बरं वाटलं. याच प्रकारचं काम मला वाढवायचं आहे. ठिबक, फवारणी यंत्रं किंवा शेतीची अवजारं बनवणाऱ्या कंपन्यांत मराठी साहित्याचं काम बघणारं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर आमची ओळख करून द्याल का? खाली चार ओळी लिहून ठेवल्या आहेत, तशाच पुढे पाठवल्या तरी चालतील. अवघड वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा, त्याचं मला काही वाटणार नाही.”

यात काय काय आहे ते बघा. क्षेत्र नेमकं आहे, त्यामुळे चेहरे आठवतात. मागितली आहे ती फक्त ओळख. काम मिळवून देण्याचं ओझं समोरच्यावर टाकलेलं नाही. नकाराला दार उघडं ठेवलं आहे, आणि म्हणूनच होकार मनापासूनचा येतो. अर्थात कोइमतूरच्या मॅडमना हे इंग्रजीत जाईल. मांडणी हीच राहील.

खालच्या चार ओळी मात्र मूळ मेसेजपेक्षाही महत्त्वाच्या, कारण प्रवास त्याच करणार. त्यांत स्वतःची विशेषणं नकोत. “शेतीच्या यंत्रांच्या पुस्तिका मराठीत करतो. शेतकरी बोलतात ती भाषा, छपाईला तयार फाइल. चाळीस पानांचं काम साधारण तीन आठवडे. नमुना सोबत, फोन नंबर अमुक.” ही माहिती वाचणाऱ्याला लगेच ठरवता येतं, की आपल्याला हा माणूस लागणार आहे की नाही. ‘सर्व प्रकारची अनुवादाची कामं केली जातील’ ही पाटी सगळ्यांसाठी असते, त्यामुळे आठवायच्या वेळी कोणालाच आठवत नाही. क्षेत्र अरुंद केलं तर कामं हातची जातील अशी धास्ती वाटते. पण वर्णन अरुंद केलं म्हणून इतर काम घ्यायला बंदी होत नाही. फक्त तोंडातून तोंडात जाताना वाक्य शाबूत राहतं.

ओळखीतलं काम, ओळखीचा दर

शिफारस आली की निम्मं काम झालं, असं वाटतं. इथूनच जामीनदाराची धाकधूक सुरू होते. त्याच दिवशी समोरच्याला फोन करायचा, आणि फोन झाला की पाठवणाऱ्याला एक ओळ : “बोलणं झालं, मंगळवारी कोटेशन देतोय.” काम जमलं नाही तरी कळवायचं, आणि कारण मोघमच ठेवायचं. एका क्लायंटचं बजेट किंवा आतल्या कुरबुरी दुसऱ्याच्या कानावर घालणारा माणूस पुन्हा कोणाच्या घरात पाठवला जात नाही.

मग येतो आपल्याकडचा खास पेच. “घरचंच काम आहे, पैशाचं बघू आपण.” ओळखीतून आलेल्या माणसाला दर सांगताना जीभ अडखळते, आणि न बोललेला दर पुढे तिघांचे संबंध बिघडवतो. कोटेशन लेखीच द्यायचं, अनोळखी माणसाला दिलं असतं तसंच, अॅडव्हान्ससह. सवलत द्यायचीच असेल, तर पूर्ण दर लिहून त्याखाली सवलत दाखवायची. नाहीतर उतरलेला दरच तुमचा दर म्हणून पुढच्या चौघांपर्यंत पोचतो.

कायद्याचीही ओळख असू द्यावी. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही ‘उद्यम’ नोंदणी करता येते, मात्र ती काम घेण्याआधी केलेली बरी. मित्राच्या मित्रावर हे कलम कोणी उगारणार नाही. पण ‘45 दिवसांत’ हे शब्द कोटेशनमध्ये छापलेले असले, की तगादा लावायची वेळ सहसा येत नाही.

टक्केवारीचा प्रश्न

काम मिळवून देणाऱ्याला कमिशन द्यावं का? मुंबईच्या गिरण्यांमध्ये हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी होता. कामगार भरती व्हायची ती जॉबरमार्फत. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक आणायचा आणि लावून दिलेल्या कामासाठी दस्तुरी घ्यायचा. पैसा हातात येऊ लागला, की ‘लायक कोण’ याच्या जागी ‘देणारा कोण’ हा प्रश्न येतो. महाराष्ट्रात डॉक्टरांच्या संदर्भात ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द घरोघरी पोचला तो याच कारणाने. रुग्ण पाठवण्याबद्दल टक्केवारी देणं-घेणं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. सनदी लेखापालांच्या 1949 च्या कायद्यातही काम मिळवण्यासाठी बाहेरच्या माणसाला फीमधला वाटा देणं हे गैरवर्तन ठरतं.

डिझायनर किंवा अनुवादकावर असं बंधन नाही. एजन्सीमार्फत आलेल्या कामात वाटा असतोच, आणि तो उघड असतो. कसोटी सोपी ठेवता येते : दिलेलं कमिशन काम देणाऱ्या क्लायंटला कळलं तर चालणार आहे का? चालणार असेल तर द्यावं. पण समाधानी क्लायंटच्या हातात पैसे ठेवताना दोनदा विचार करावा. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी 2000 मध्ये मांडलेला हा प्रयोग सांगतो, की भिडेची जागा पैशाने घेतली, की माणसं व्यवहाराच्या हिशेबाने वागू लागतात. ज्याने आपुलकीने नाव सुचवलं, त्याला दोन हजार रुपये पाठवले तर तोही हिशेब करू लागेल : दोन हजारांसाठी एवढा धोका कशाला?

त्यापेक्षा परतफेड कामाच्या रूपात करावी. त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवावं. या देवघेवीला शिस्त लावणाऱ्या संस्थाही आहेत. 1985 मध्ये इव्हान माइसनर यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआयच्या गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि दर आठवड्याला भेटतात. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब याच वाटेने जातो. ज्यांना नियमित भेटीगाठी आणि वर्गणी झेपते, त्यांना तिथे लांबच्या ओळखी आयत्या मिळतात.

वर्तुळाची भिंत

शिफारशीचा एक दोष मात्र डोळ्यांआड करू नये. ती ज्यांच्यात फिरते, त्यांच्यातच फिरत राहते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी मुंबईत दादर भागातल्या शाळांमधून माहिती जमवून 2006 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या जातींच्या पुरुषांना कामगार वर्गातल्या नोकऱ्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीतून मिळत आल्या होत्या, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. मुलींसाठी असं जाळं कधी नव्हतंच. शहराची अर्थव्यवस्था बदलली, तेव्हा त्या इंग्रजी माध्यमाकडे लवकर वळल्या. ज्या जाळ्याने वडिलांना तारलं, त्यानेच मुलाला जुन्या कामाशी बांधून ठेवलं.

मुक्त व्यावसायिकाच्या बाबतीत हे छोट्या प्रमाणात रोज घडतं. एका बिल्डरचं ब्रोशर केलं, त्याने दुसऱ्या बिल्डरला सांगितलं, आणि तीन वर्षांनी डिझायनरकडे बिल्डर सोडून कोणी नाही. बांधकामात मंदी आली, की सगळे फोन एकदम थंडावतात. यावर साधन साधंच आहे. कामांच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ‘कोणामार्फत’ असा एक रकाना ठेवा. त्या ‘कोणा’पर्यंतही तुम्ही कोणामार्फत पोचलात, ते मागे मागे लिहीत जा. तीस कामांची यादी बघता बघता दोन-तीन नावांवर येऊन थांबली, तर तुमचा धंदा त्या दोन-तीन माणसांच्या मर्जीवर उभा आहे. त्यांतलं एक नाव निवृत्त झालं किंवा दुखावलं, की काय होतं ते जर्मन बँकेच्या अभ्यासात आपण पाहिलं. अशा वेळी मुद्दाम नव्या वर्तुळात एखादं काम मिळवायचं. ते थोडं लहान असलं तरी चालेल, अनोळखी माणसाला मेल लिहून मिळवलेलं असलं तरी चालेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्याकडे तर एकही जामीनदार नसतो. त्याने मोठ्या क्लायंटच्या मागे धावण्याआधी आपल्याच क्षेत्रातल्या, हात भरलेल्या वरिष्ठाकडे जावं आणि त्याच्याकडचं उरलेलं, घाईचं, कंटाळवाणं काम पैसे घेऊन करावं. फुकट काम करण्याने साक्षीदार मिळत नाही. फुकटातल्या कामाची तारीख कोणी पाळत नाही, देणाराही आणि घेणाराही. वरिष्ठाने मात्र तुम्हाला घाईत काम करताना पाहिलेलं असतं, आणि ज्यांना नकार द्यावा लागतो अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे दर महिन्याला येत असतात. त्याला त्या वेळी कोणाचं तरी नाव सांगायचंच असतं.

हे सगळं स्वतःवर तपासून पाहायची एक रीत आहे. एका कागदावर, ज्यांचं नाव तुम्ही आपल्या सर्वांत महत्त्वाच्या क्लायंटला डोळे मिटून सांगाल, अशा तीन व्यावसायिकांची नावं लिहा. प्लंबर, वकील, फोटोग्राफर, कोणीही. मग प्रत्येकापुढे कारण लिहा. आपल्या ओळखीतला सर्वांत प्रतिभावान माणूस या यादीत बहुधा नसतो. असतो तो वेळेवर येणारा, सांगितलेल्या पैशांत काम करणारा, अडलं तर आधी फोन करणारा. त्या तीन कारणांपुढे आता तुमच्या शेवटच्या पाच कामांच्या खुणा करा. ज्या कामापुढे तिन्ही खुणा पडतील, त्या क्लायंटला याच आठवड्यात फोन करा. उरलेल्यांकडे शब्द मागण्याआधी कुठली खूण राहिली, ती भरून काढा.